कुलाब्याची रोजकीर्द

खडवलीला भातसा नदीच्या काठी उभे राहिले की आकाश शांत भासते. परंतु १०० किलोमीटरांहून उंच, विरळ हवेत सूर्याच्या लहरीनुसार मोठी उलथापालथ होत असते. सूर्याने फेकलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की चुंबकीय वादळ उठते. त्याची ऊर्जा मुख्यतः ध्रुवप्रदेशांतून वातावरणात शिरते. तेथील हवा तापते, फुगते आणि उपग्रहांच्या मार्गात दाट होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने एकाच वेळी सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी जवळजवळ ४० उपग्रह या वाढलेल्या घर्षणाने खाली ओढले गेले. ते वादळ तर फारसे मोठेही नव्हते.

मोठ्या वादळाची नोंद मुंबईत आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरला. त्या काळी उपकरणावरील आकडे डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम अलिबागला हलवले गेले.

त्या नोंदकारांना उपग्रह ठाऊक नव्हते. तरीही तासातासाचे आकडे त्यांनी नेटाने टिपले. म्हणूनच तसे वादळ पुन्हा आले, तर दळणवळण व दिशादर्शन यांवर चालणाऱ्या आजच्या व्यवहाराला किती धोका आहे, याचा अंदाज शास्त्रज्ञांना बांधता येतो. चोख लिहिलेली वही लिहिणाऱ्यापेक्षा पुढच्या पिढीच्याच अधिक उपयोगी पडते, हे पेढीवर बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.