साप चावला, तर आधी दवाखाना

रात्रीची लाइट आली की बावड्याच्या शिवारात उसाला दारं धरायला जावंच लागतं. पाचटात पाय पडतो, आणि घोणस काही चाहूल लागली म्हणून बाजूला सरकत नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, साप चावलेल्या माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. देवळाला आणि मांत्रिकाला वाटेत थांबू नका.

मांत्रिकानं विष उतरवलं आणि माणूस वाचला, अशी उदाहरणं गावोगावी ऐकायला मिळतात. माणसं वाचली हे खरंच आहे. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ती माणसं तशीही वाचणारच होती. ज्याच्या अंगात विष भिनलंय, त्याला मात्र लसच लागते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप शोधून मारत बसू नका.

मला जास्त धास्ती मण्यारीची. ती झोपेत चावते आणि बऱ्याचदा ना दुखत, ना सुजत. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. खाली झोपलेल्या माणसाला असं झालं, तर पित्त समजून उजाडायची वाट बघू नका.

दोरी आवळू नका, जखम कापू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. चावलेल्या हाताला किंवा पायाला फळी बांधा आणि माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा. दारात गाडी असेल तर लगेच निघा. निघताना बावड्याच्या दवाखान्यात लस आहे का ते फोनवर विचारा, नसेल तर सरळ इंदापूर किंवा बारामती.

खर्चाच्या भीतीनं माणसं कचरतात, हे खोटं नाही. पण 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे पडत नाहीत. उलट साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. घरातलं थोरलं माणूस मांत्रिकासाठी अडून बसलं, तर हे त्यांना नीट समजावून सांगा. आशाताईंना सोबत घ्या.

दवाखान्याचा नंबर आजच घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये घाला. आणि आज रात्री दारं धरायला जाताना गमबूट घाला, बॅटरी घ्या.