ताटावरचा रुमाल



नाताळचा फराळ विकत घ्यावा की घरीच करावा, हा वाद दर आगमनकाळात आमच्या कानावर येतो. रविवारची मिस्सा आटोपून बाहेर पडावे तर आवारात टेबले मांडलेली असतात, आणि कोणीतरी ज्येष्ठ हळूच म्हणतात, "आमच्या वेळी असलं विकत आणायची लाज वाटायची." आम्हाला ही लाज पटत नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट आहे, पण ती वेगळीच आहे.

आम्ही राहतो करजणला. बडोदे शहरात गायकवाडांमुळे मराठी रुजली, पण करजणसारख्या तालुक्याच्या गावी मराठी ख्रिस्ती घरे मोजकीच. इथल्या फरसाणवाल्याकडे लीलो चेवडो मिळतो, भाकरवडी मिळते. कुलकुल मागितले तर तो दोनदा नाव विचारतो. वसई आमच्याच रेल्वेमार्गावर, त्यामुळे डिसेंबरात तिकडे नातेवाइकांकडे जाणे झाले की आम्ही त्या टेबलांपाशी जरा जास्तच रेंगाळतो. साखरेत घोळलेले कुलकुल, नेवऱ्या, काजूच्या मार्झिपानच्या गुलाबी-हिरव्या वड्या, पेराद, गोव्याहून आलेला काळाभोर दोदोल, ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला, आणि आमची सगळ्यांत आवडती, पानात बांधलेली वसईची सुकेळी. (सुकेळी नाताळची नव्हेत, वर्षभराचीच. पण ती दिसली की पिशवीत पडतातच.)

टेबलावर पाटी असते, 'पारंपरिक ख्रिस्ती पदार्थ'. या पाटीवरूनही कुरबुर ऐकू येते. कोणी म्हणते हे सारे पोर्तुगीजांचे, कोणी म्हणते करंजी-चकली तर दिवाळीची, ती आपल्या टेबलावर कशाला? अहो, मार्झिपान बदामाचे; आपल्याकडे ते काजूचे झाले, आणि काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले. दोदोल याच नावाने मलेशिया-इंडोनेशियात शिजतो. नेवरी म्हणजे करंजी, आणि करंजी म्हणजे आमच्या गुजराती शेजाऱ्यांचा घुघरा. एकच पुरी, तीच मुरड, आत सारण ज्याचे त्याचे. पदार्थाचे गोत्र शोधत बसलो तर टेबलावर काहीच उरणार नाही.

आणि विक्रीही काही आजची नाही. जर्मनीत ड्रेस्डेनचा नाताळबाजार 1434 सालापासूनचा, आणि त्याचे नावच तिथे विकल्या जाणाऱ्या गोड पावावरून पडलेले. त्या काळी आगमनकाळात उपवास असे, लोणी वर्ज्य. पाव तेलात करावा लागे आणि तो कोणाला आवडत नसे. शेवटी तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमला विनंती केली, आणि 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी दिली. पावात लोणी घालावे की नाही, हा प्रश्न थेट पोपमहाशयांपर्यंत जाऊ शकतो, तर आपण कुलकुलांवर दोन शब्द बोललो म्हणून काय बिघडले?

'घरचे' म्हणताना आपण एक गोष्ट विसरतो. घरचे कोण करीत असे? कुलकुल वळायचे म्हणजे पिठाची एवढीशी गोळी काट्याच्या किंवा फणीच्या दात्यांवर दाबायची, गुंडाळायची, परातीत टाकायची. अशी शेकडो. मुले पहिल्या अर्ध्या तासात पळून जातात. मग उरतात आई, आजी, मावशी, आणि स्वयंपाकघरात रात्रीचे अकरा. त्या कष्टाला आपण 'माया' म्हणत आलो. माया होतीच, पण कष्टही होते आणि त्यांची कोणी मोजदाद केली नाही. आज तीच मावशी टेबलामागे बसून पाव किलोचा भाव सांगते, तेव्हा त्या रात्रींना पहिल्यांदा किंमत लागते. तिथे घासाघीस करणारी मंडळी मॉलमधला केक मात्र छापील किमतीला मुकाट्याने घेतात, हे पाहून आम्हाला वाईट वाटते. मजुराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. आवारातले टेबलही त्याच वर्गाचा भाग समजावे.

तर विकत जरूर घ्या. आमची काळजी पुढची आहे. विकत घेतलेला डबा कुठे जातो?

पूर्वी फराळ घरात खायला कमी आणि पाठवायला जास्त होत असे. ताट भरायचे, वर क्रोशाचा रुमाल टाकायचा आणि मुलांच्या हाती द्यायचे. गोव्यात या पाठवण्यालाच 'कोंसुआद' असे नाव आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले, तिथे कढई चढत नाही. म्हणून त्या घरी ताट आधी जायचे. नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात हेच आहे. नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आजचा दिवस पवित्र आहे, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. खाणे आणि पाठवणे तिथे एकाच आज्ञेत आले आहे. आपण मात्र अर्धी आज्ञा पाळू लागलो आहोत. घरी केलेले शंभर कुलकुल वाटून टाकायला हात आखडत नसे. विकतचा पाव किलो मात्र पाहुण्यांसाठी राखून ठेवला जातो, आणि शेजाऱ्याला मोबाईलवरून चमचमता तारा जातो. भावाने घेतलेली वस्तू वाटताना मन मोजू लागते, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे.

करजणला हे जास्त जाणवते, कारण इथे आपली ताटे बहुतेक आपल्या लोकांकडे जात नाहीत. दिवाळीला शेजारून घुघरा येतो, ईदेला शेवया येतात. नाताळला आपले ताट गेले नाही, तर त्या गल्लीत नाताळ आला हे कळणार कोणाला? आणि ते पाठवायचे तर विचार करून पाठवावे लागते. जैन शेजाऱ्यांना अंड्याचा केक चालत नाही, मुस्लिम शेजाऱ्यांना रममध्ये मुरलेल्या मनुका चालत नाहीत. काही जण म्हणतात, "आपला सण, आपले पदार्थ, नको तर खाऊ नका." पौलाने करिंथकरांना याच्या नेमके उलट लिहिले: आपल्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर ते खाणे सोडावे. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही. ताटात काय आहे आणि अंतःकरणात कोण आहे, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे ठेवले.

म्हणून टेबलवाल्या भगिनींना आमची एक विनंती आहे. प्रत्येक डब्यावर दोन शब्द लिहा: अंडे आहे की नाही, दारू आहे की नाही. कुलकुल आणि नेवऱ्या अंड्याशिवायही छान होतात. तशा मुद्दाम करून एका बाजूला मांडा. परगावाहून येणारे आमच्यासारखे लोक तो डबा आधी उचलतील.

आमच्या छोट्या गटाने यंदा ठरवले आहे की वसईहून आणलेल्या फराळाचा निम्मा भाग घरी उघडायचाच नाही. नावांची यादी केली आहे. पहिली दोन नावे यंदा दुःख झालेल्या घरांची, त्यानंतर शेजारी. रुमाल मात्र कपाटात शोधावे लागले. दोन सापडले, एकाला भोक आहे. तेही चालेल.

गेल्या नाताळला पाठवलेल्या ताटांपैकी दोन लगेच परत आली नाहीत. रिकामे ताट परत करू नये, ही रीत इथेही आहे. आम्ही विसरून गेलो होतो. उत्तरायणाच्या सकाळी दारावर थाप पडली: एकात तिळाची चिक्की होती, दुसऱ्यात गरम ऊंधियू, आणि वर आमचाच रुमाल, धुऊन इस्त्री केलेला.