समान वाटपाचा चहा

श्रूजबरीतील आम्हा काही कुटुंबांच्या बैठकीत दूध-साखरेच्या चहाच्या जोडीला आता चीनच्या युन्नान प्रांतातील प्वेर चहाही असतो. श्रीमंतांचा छंद म्हणून त्याला बाजूस सारू नये, असे आमचे मत आहे.

कच्चा प्वेर वर्षानुवर्षे संथपणे मुरतो. पक्क्या प्वेरची पाने ओलवून, ढीग घालून काही आठवड्यांत आंबवितात. ही रीत १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात विकसित झाली. पानांवर उकळते पाणी घालून पहिले पाणी टाकून द्यावे. पुढे प्रत्येक वेळी पाने काही सेकंदच भिजू द्यावीत. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा गंध येतो आणि जिभेवर गोडवा रेंगाळतो. तीच पाने आठ-दहा वेळा चालतात.

आम्हास सर्वांत मोलाचे वाटते ते गोंगदाओ बेई, म्हणजे न्याय्य वाटपाचे पात्र. चहा आधी त्यात ओततात, मग पेल्यांत. त्यामुळे एकाला फिका, दुसऱ्याला कडू असे होत नाही. गावच्या हॉटेलात आपल्या वडीलधाऱ्यांचा कप वेगळा असे आणि तो त्यांनाच विसळून ठेवावा लागे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते समतेचा हक्क प्रस्थापित करण्यासाठीच.

म्हणून महागड्या, जुन्या सालच्या चकत्या मिरवून आपल्यात नवी उतरंड रचू नये. साधाच प्वेर आणावा, ओतण्याचे पात्र मुलांच्या हाती द्यावे आणि त्या वेगळ्या कपाची हकीकत त्यांना सांगावी.

जय भीम!