पाठिंब्याचे पत्र

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळाच्या गेल्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मंजूर झाला. आपल्या पाळकसाहेबांना डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, म्हणजे डी.मिन., या अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा आहे. त्या अर्जाला मंडळाने पाठिंब्याचे पत्र जोडावे, अभ्यासवर्गाच्या आठवड्यांत त्यांना सुट्टी द्यावी आणि शिक्षण निधीतून शुल्काचा काही भाग उचलावा, असा तो ठराव. सभेत त्यावर कुणी फारसे बोलले नाही. बोलणी झाली ती नंतर, पार्किंगमध्ये, फोनवर आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर. कार्यकारिणीने विषय घाईने उरकला, ठरावीक माणसांनाच आधी कळवले, पाळकसाहेब नगरचे म्हणून नगरकरांनी नगरकराची सोय पाहिली, इथपर्यंत मजल गेली.

या शेवटच्या वाक्याने आम्हाला दुःख झाले. ठराव मांडणारे नागपूरचे होते आणि अनुमोदन देणाऱ्या बाई मुंबईच्या. पण तो मुद्दा आम्ही ताणत नाही. ज्यांनी हे म्हटले त्यांनी मंडळासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या आहेत, हे आम्ही जाणतो. सभेची सूचना मात्र या पत्रिकेच्या लागोपाठ दोन अंकांत छापली होती, उपासनेनंतर तोंडीही सांगितली होती. तरीही त्या दिवशी कोरम भरण्यासाठी थांबावे लागले, कारण चहा होताच निम्मी मंडळी मुलांच्या सामन्यांना आणि खरेदीला निघून गेली. ज्यांना प्रश्न होते त्यांनी ते सभेत विचारायला हवे होते. तिथे उत्तरे द्यायला पाळकसाहेब स्वतः हजर होते, आणि अर्जाची सगळी कागदपत्रे टेबलावर मांडून ठेवली होती. ती पाहायला फारच थोडे जण पुढे आले.

म्हणून ती कागदपत्रे इथे थोडी उलगडून सांगतो. पुष्कळ गैरसमज हा अर्ज कशाचा आहे हेच ठाऊक नसल्यामुळे झाले आहेत.

डी.मिन. ही सेवेत असलेल्या पाळकांसाठीची पदवी. अमेरिकेत ती १९७०च्या दशकात रुजली. प्रवेशासाठी सहसा एम.डिव्ह., म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, किंवा तिच्या तोडीची पदवी लागते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष सेवेचा अनुभव, पुष्कळ ठिकाणी किमान ३ वर्षांचा. पीएच.डी.चा विद्यार्थी नोकरी सोडून ग्रंथालयात बसू शकतो, डी.मिन.च्या विद्यार्थ्याला मंडळी सोडून चालत नाही. वर्षातून एकदोनदा आठवडा-पंधरवडा वर्ग भरतात, त्याआधी पुस्तकांचा ढीग वाचायचा, नंतर निबंध लिहायचे, आणि शेवटी आपल्याच मंडळीत एखादा प्रकल्प राबवून त्याचा प्रबंध सादर करायचा. क्रेडिट किमान ३०, कालावधी सर्वसाधारणपणे ३ ते ६ वर्षे. “पाळक पाच वर्षे गायब होणार” असा जो निरोप फिरला, त्याला काही आधार नाही. वर्षातले मोजके रविवार ते नसतील, एवढेच.

आता अर्ज. आजवर शिकलेल्या प्रत्येक संस्थेची अधिकृत गुणपत्रके, तीही संस्थेकडून थेट. सेवेचा तपशील. लेखनाचा नमुना. शिफारसपत्रे, त्यांतले एक शिकवलेल्या प्राध्यापकाचे, एक सहकारी पाळकाचे. काही सेमिनऱ्या मुलाखत घेतात, आणि भारतातल्या पदवीधरांकडे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. पाळकसाहेबांचे बी.डी.चे, म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटीचे, शिक्षण पुण्याचे. त्यांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्राच्या रीतीप्रमाणे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, पासपोर्टवर क्रम वेगळा, बी.डी.च्या गुणपत्रकावर नुसती आद्याक्षरे. इथल्या संगणकाने वडिलांचे नावच आडनाव धरले, आणि एकाच माणसाची तीन माणसे झाली. ती पुन्हा एक करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. आपल्यापैकी ज्यांनी ग्रीन कार्डाच्या वेळी हे भोगले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. हे सगळे त्यांनी एकट्याने, इस्पितळातल्या भेटी आणि अंत्यविधी सांभाळून केले.

या यादीत एकच कागद असा आहे जो त्यांना एकट्याने मिळवता येत नाही. मंडळीच्या कारभारी समितीचे पत्र. अर्जदाराला अभ्यासासाठी वेळ मिळेल, प्रकल्पासाठी मंडळी सहकार्य करील, हे त्या पत्रात लेखी द्यायचे असते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सी.एन.आय.च्या, पाळकाला असे पत्र बिशपांच्या कार्यालयातून मिळते. आपल्यातल्या वसईकर कॅथलिक बांधवांना तर हा प्रश्नच नवा वाटेल. त्यांच्याकडे कोणत्या फादरनी काय शिकायचे हे धर्मप्रांत ठरवतो. आपली गोष्ट निराळी आहे. नगरचे सी.एन.आय., अकोल्याचे अलायन्स, वाशीमचे नाझरीन, यवतमाळचे फ्री मेथॉडिस्ट असे आपण सगळे दुसऱ्यांच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी जागा घेऊन मराठीत उपासना करतो. आपल्यावर बिशप नाहीत, मुख्य कचेरी नाही. आहे ती ही कार्यकारिणी आणि ही सर्वसाधारण सभा. आपण पत्र दिले नसते तर अर्ज तिथेच थांबला असता. त्यामुळे “मंडळाने यात पडायचे कारणच काय” या प्रश्नाचे उत्तर त्या अर्जातच लिहिलेले आहे.

आमच्या मते हा अर्ज जितका त्यांचा, तितकाच आपला आहे. त्यांनी जोडलेला निबंध आम्ही त्यांच्या परवानगीने वाचला. आपल्या उपासनेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आजींपासून तो सुरू होतो. आजी ‘उपासना संगीत’ उघडतात, पण पानाकडे पाहत नाहीत, कडवी त्यांना पाठ आहेत. शेजारी नातू फोनवर तेच गीत रोमन लिपीत वाचत असतो. त्याला चाल येते, अर्थ कळत नाही, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत तो दुसरेच काही पाहू लागतो. मधल्या पिढीची त्याची आई दोघांकडे आळीपाळीने बघत असते. ही तीन माणसे एकाच बाकावर बसून एकच उपासना कशी करतील, हा पाळकसाहेबांच्या प्रकल्पाचा विषय आहे. ते आपल्या घरी येऊन विचारणार आहेत, आजी-आजोबांच्या मुलाखती घेणार आहेत, तरुण संघाबरोबर बसून उपासनेचे नवे रूप करून पाहणार आहेत. माणसांवरच्या अभ्यासाला सेमिनरीच्या समितीची परवानगी आणि आपल्या प्रत्येकाची लेखी संमती लागते, त्यामुळे कुणाच्या घरातली गोष्ट न विचारता प्रबंधात जाईल ही भीती बाळगू नये.

टिळकांना कोणती डॉक्टरेट होती, असे एका ज्येष्ठांनी विचारले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना डॉक्टरेट नव्हती हे खरे, आणि पदवीने पाळक घडतो असे या कार्यकारिणीतले कुणीही म्हणत नाही. पण टिळकांनी काय केले ते आठवून पाहावे. नगरच्या ख्रिस्ती माणसाला परकी वाटणारी उपासना त्यांनी अभंगात आणि कीर्तनात आणली, आणि त्यासाठी संस्कृत-मराठीचा आयुष्यभराचा अभ्यास कामी लावला. शंभर वर्षांनी न्यू जर्सीत तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर याहून जवळचे. केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप डोक्यावर असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्या १९२२ साली गेल्या. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. सेवा चालू असताना अभ्यास होत नाही असे म्हणणाऱ्यांनी रमाबाईंकडे पाहावे. आणि ज्या अमेरिकन मराठी मिशनमुळे आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांच्या घरी पहिल्यांदा पुस्तक आले, त्या मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले ते मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हर सेमिनरीत शिकून. शिकलेल्या पाळकाचे मोल आपल्या समाजाला कुणी नव्याने पटवून द्यावे लागू नये.

दुसरी सूचना अशी आली की एवढा खर्च कशाला, वर्षभरात घरबसल्या डॉक्टरेट देणाऱ्या संस्था आहेत. आहेत, आणि त्यांच्यापासून आपण चार हात दूर राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. भारतात समारंभ करून, झगे घालून, पैसे घेऊन वाटल्या जाणाऱ्या मानद पदव्यांनी ख्रिस्ती सेवकांच्या नावाला पुरेसा बट्टा लावला आहे. इथे सेमिनरीला मान्यता आहे की नाही हे पाहण्याची सोपी सोय आहे. पिट्सबर्गच्या असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्सची यादी कुणालाही पाहता येते. पाळकसाहेबांनी निवडलेल्या संस्था त्या यादीत आहेत. न्यू ब्रन्सविकची १७८४ साली स्थापन झालेली सेमिनरी आणि मॅडिसनचे ड्रू विद्यापीठ आपल्या राज्यातच आहेत, दोन्हीकडे डी.मिन. आहे. कुठे जायचे हा निर्णय त्यांचा आणि त्यांच्या कुटुंबाचा. कार्यकारिणीने कोणत्याही एका संस्थेचा आग्रह धरलेला नाही, धरणारही नाही.

पदवी मिळाली की ते दुसरीकडे जातील, ही काळजी आम्हालाही शिवून गेली. सभेनंतर काहींनी बॉण्ड लिहून घ्यावा असे सुचवले. कार्यकारिणीने ते मान्य केलेले नाही. पाळकाला करारात बांधून ठेवणे आपल्याला शोभत नाही. प्रकल्प आपल्या मंडळीतच पूर्ण व्हायचा असल्याने निदान तोवर ते इथे आहेतच. ज्यांचा याला तरीही विरोध आहे, त्यांची नोंद इतिवृत्तात घेतली जाईल.

पैशांबद्दल एकदाच सांगतो. गावाकडच्या चर्चच्या छपरासाठी आणि वसतिगृहासाठी जमलेला निधी वेगळ्या खात्यात आहे, त्यातला एक सेंटही इकडे वळवलेला नाही. शिक्षण निधी याच कामासाठी आहे. मुलांच्या शिष्यवृत्त्या पूर्वीप्रमाणेच चालू राहतील. हिशेब खजिनदारांकडे आहे, कुणीही येऊन पाहावा.

आता कामाचे. पाळकसाहेब वर्गाला असतील त्या रविवारी उपदेश कोण करणार, हे आत्ताच ठरवायचे आहे. मंडळीत निवृत्त पाळक दोन आहेत, त्यांनी होकार दिला आहे. पण महिला संघातूनही उपदेशासाठी नावे यावीत अशी आमची मनापासून इच्छा आहे. तरुण संघाने त्या दिवशीची गीते आणि शास्त्रवाचन सांभाळावे. आजारी माणसांच्या भेटीसाठी दोघादोघांच्या जोड्या लागतील. शनिवारची रविवारशाळेची तयारीही त्या आठवड्यात पालकांनाच करावी लागेल. ज्यांच्या घरात विद्यापीठात शिकवणारी माणसे आहेत, त्यांनी निबंधाचा इंग्रजी मसुदा एकदा वाचून द्यावा. अर्जाची मुदत जवळ आली आहे, तेव्हा हे या महिन्यातच व्हायला हवे. प्रकल्पाच्या प्राथमिक माहितीसाठी एक प्रश्नावली या अंकासोबत दिली आहे: घरात कोणती भाषा बोलली जाते, मुलांना देवनागरी वाचता येते का, आजी-आजोबा इथे कायमचे आहेत की सहा महिन्यांसाठी येतात. ती भरून उपासनेला येताना आणावी. नावे लिहिण्याची सक्ती नाही.

पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर विशेष सभा ठेवली आहे. ठरावाला विरोध असलेल्यांनी अवश्य यावे, त्यांना बोलायला पहिली वेळ दिली जाईल. चहा या वेळी सभा संपल्यावर आहे. लहान मुलांना सांभाळण्यासाठी तळघरातली खोली उघडी राहील, आणि तिथे बसायला दोन स्वयंसेवक हवे आहेत. त्यांनी सचिवांना कळवावे. यंदाची वर्गणी ज्यांची राहिली आहे त्यांनी ती त्याच दिवशी भरावी, कारण घटनेप्रमाणे मत देण्याचा अधिकार वर्गणी भरलेल्या सभासदांनाच आहे.

कार्यकारिणीच्या वतीने,
संपादक