बिबट्या काय दुपारी बाराला पोज देणार?

स्टॉक फोटोवाल्यांचा ठरलेला शेरा: ‘नॉइज जास्त आहे.’ अहो, बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला बिबट्या बाहेर पडतो तो बहुतेक अंधारातच! आयएसओ ६४०० ला दाणे येणारच ना राव? प्रकाश ४ पट मिळाला, तरी सिग्नल-नॉइज गुणोत्तर जेमतेम दुप्पट होतं. हे फिजिक्स आहे, फोटोग्राफरचा आळस नव्हे.

दाणे घासून काढले, तर मिशाही पुसल्या जातात. एआयने काढले, तर कधीकधी नसलेले केस उगवतात! मग ‘स्वच्छ’ फोटो येणार कुठून? पिंजऱ्यातून, नाहीतर डोळ्यांवर फ्लॅश मारून.

वेबसाइटवर चार इंचांत दिसणारा फोटो १०० टक्के झूम करून नापास करणं आता पुरे. खाली ‘रात्री, आहे त्या प्रकाशात’ असं लिहा आणि विका. घ्यायचा की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल की!