केंद्र कुठे असावं, हे आपल्याला विचारलंय कुणी?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. आमच्या वस्तीतल्या बायका नेहमीच्या शाळेत गेल्या, तेव्हा कळलं की आपलं केंद्र आता इथे नाही. नवं केंद्र हमरस्त्याच्या पलीकडच्या शाळेत. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण मधून ट्रक सुसाट जातात, पादचारी पूल नाही, आणि कडेवर पोर असलं की तो रस्ता ओलांडणं म्हणजे जीव मुठीत धरणं. दोन घरची धुणीभांडी उरकून काहीजणी तरीही गेल्या. रांग पाहिली, पुढच्या घरच्या कामाची वेळ आठवली आणि परत फिरल्या. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, पण ती कारखान्याला, दुकानाला, आस्थापनेला. घरकाम करणारीला सुट्टी कोण देणार? अशा बायकांना मग 'उदासीन मतदार' म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे.

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपण मतदार जागृतीची इतकी शिबिरं घेतो, पथनाट्यं करतो, पण केंद्र कुठे असावं हे ठरवतं कोण, हा प्रश्न कधी विचारला नाही. मीही नाही.

लोकसभा-विधानसभेसाठी हे ठरवतो जिल्हा निवडणूक अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारीच. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २५ व्या कलमानुसार तो आयोगाच्या पूर्वपरवानगीने केंद्रं ठरवतो आणि त्यांची यादी प्रसिद्ध करतो. आयोगाच्या सूचना वाचल्या तर वाईट नाहीत. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. खोली शक्यतो तळमजल्यावर असावी. देवळात, इस्पितळात, पोलीस ठाण्यात केंद्र नको. पक्षाचं कार्यालय दोनशे मीटरच्या आत नको. उतार, पाणी, वीज, संडास हवा. दुर्बल घटकांच्या वस्तीत, मतदार थोडे असले तरी, केंद्र त्यांच्यातच द्यावं असंही म्हटलेलं आहे. मनात आणलं तर यंत्रणा काय करू शकते तेही आपण पाहतो. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठच्या पाड्यांवर मतदानाचे कर्मचारी बोटीतून जातात.

मग अडतं कुठे? केंद्रांचं सुसूत्रीकरण होतं तेव्हा प्रारूप यादी कार्यालयाच्या फलकावर लागते, हरकतींना मोजके दिवस मिळतात आणि चर्चेची बैठक होते ती मान्यताप्राप्त राजकीय पक्षांबरोबर, आमदार-खासदारांबरोबर. पक्षाचा प्रतिनिधी तिथे काय पाहणार? आपली हक्काची मतं कुठल्या यादीत गेली ते. दोन किलोमीटर नकाशावर मोजले जातात, त्यात ओढा येत नाही, दारूचा गुत्ता येत नाही, ज्या आळीतून जायला दलित वस्तीतल्या बाया बिचकतात ती आळी येत नाही. संडास 'उपलब्ध' असतो, किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी असते.

आणि गंमत बघा. मतदारयाद्यांसाठी दारोदार फिरणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांमध्ये कितीतरी अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका आहेत. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण नवऱ्याला सोडून माहेरी आलीय आणि नाव मात्र सासरच्या यादीत अडकलंय, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याकडून अर्ज भरून घेतले जातात. केंद्र कुठे हवं, हे त्यांना विचारलं जात नाही.

त्याऐवजी आपल्याला 'सखी मतदान केंद्र' मिळतं. फुगे, रांगोळी, गुलाबी पडदे, सगळ्या कर्मचारी बायका. त्या बायकांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण दारातल्या रांगोळीने रस्ता ओलांडता येत नाही.

शहरांत २०२४ पासून मोठ्या गृहसंकुलांच्या आत केंद्रं देण्यावर भर आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, चांगलंच झालं. पण त्या यादीत शेजारच्या चाळीची नावं असतील, तर रोज ज्या फाटकावर पास दाखवून कामाला जायचं, त्याच फाटकातून मतदार म्हणून शिरताना पहारेकरी काय म्हणेल, याचा विचार कुणी केलाय?

ब्रिटनमधली पद्धत मी मुद्दाम वाचून काढली. तिथे मतदानाची ठिकाणं ठरवणं हे स्थानिक कौन्सिलचं काम आहे, आणि २०१३ च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी त्यांचा फेरआढावा घ्यावाच लागतो. मागची फेरी ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२५ अशी होती. कौन्सिल जाहीर नोटीस काढतं, अपंगांच्या सोयीसुविधांची जाण असणाऱ्यांची मतं मागवतं, कुणीही मतदार म्हणणं मांडू शकतो आणि आलेली पत्रं, घेतलेला निर्णय, त्यामागची कारणं हे सगळं प्रसिद्ध करावं लागतं. तरीही समाधान झालं नाही तर तिथले तीस मतदार मिळून निवडणूक आयोगाकडे दाद मागू शकतात. आयोग कौन्सिलला बदल करायला लावू शकतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. २०२३ पासून त्यांनी छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं केलं, आणि ते नसलेल्यांना परत पाठवलं गेलं. पण तीस सह्यांची ती तरतूद मला फार आवडली. तीस सह्या आपला कुठलाही बचत गट आणि शेजारची आळी मिळून एका दुपारी जमवेल.

आपल्याकडे असा अपिलाचा हक्क नाही. तो मागायला हवा, आणि पक्षांच्या बैठकीत महिला संघटनांना व अपंगांच्या संघटनांना बोलावणं सक्तीचं करा, असंही मागायला हवं. पण तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. एका केंद्रावरची मतदारांची मर्यादा १५०० होती, ती आयोगाने २०२५ मध्ये १२०० वर आणली. म्हणजे याद्या पुन्हा कापल्या-जोडल्या जाणार, नवी केंद्रं होणार. महापालिका, ग्रामपंचायतींचं पुन्हा वेगळं. ते राज्य निवडणूक आयोगाकडे, त्यामुळे विधानसभेचं केंद्र तिथे चालेलच असं नाही. दोन्हीकडची प्रारूप यादी मागायची, मुदतीत लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, हे आपल्याला रेशन कार्डाच्या कामाने शिकवलंच आहे.

आम्ही आमच्या भागात एक सोपी गोष्ट ठरवली आहे. पुढची यादी लागली की त्या रविवारी वस्तीपासून केंद्रापर्यंत चालत जायचं. कडेवर एक पोर, बरोबर काठी टेकणारी एक आजी, एक पोटुशी बाई. किती मिनिटं लागली, कुठे थांबावं लागलं, संडासाला कुलूप होतं का, हे वहीत लिहायचं आणि ती पानं हरकतीला जोडायची. नायब तहसीलदारांनाही बरोबर चला म्हणून पत्र देणार आहोत.