'रोलिग' या विशेषणाचा दावा
कोपनहेगनहून माल्मोला नेणारा, २००० साली खुला झालेला पूल ओलांडणाऱ्या गृहस्थाला सामानाची जकात भरावी लागत नसली, तरी आपल्या बोलण्यातले 'रोलिग' हे विशेषण त्याने नाक्यावरच तपासून घ्यावे, असे या आठवड्यात स्कँडिनेव्हियन शब्दकोश चाळीत बसलो असता माझे मत झाले. कारण डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ज्याचा अर्थ शांत, स्वस्थचित्त असा आहे, तोच शब्द स्वीडिश माणसाच्या तोंडी गमतीदार, मौजेचा या अर्थाने येतो, आणि म्हणून डॅनिश पाहुण्याने घर 'रोलिग' असल्याचे प्रशस्तिपत्र दिले, तर स्वीडिश यजमान घरात हसण्यासारखे काय आहे याचा शोध घेऊ लागतो. मूळ नाम एकच, 'रो' म्हणजे विसावा. विसाव्यातून विरंगुळा आणि विरंगुळ्यातून मौज, हा अर्थाचा उतार समजण्याजोगा आहे, परंतु स्वीडिशांची लबाडी अशी, की नकारार्थी 'ऊरोलिग' त्यांनी जुन्याच दफ्तरात ठेवला असून त्याचा अर्थ आजही चिंताक्रांत असाच आहे, म्हणजे त्यांचा एखादा विदूषक एकाच वेळी रोलिगही असू शकतो आणि ऊरोलिगही! उलट डेन्मार्कच्या सभ्य फुटबॉलप्रेमींनी १९८० च्या दशकात दंगेखोर 'हूलिगन'ला शह म्हणून 'रोलिगन' हे बिरुद मिरवले, तेव्हा मूळ अर्थावरील त्यांची वहिवाट निर्विवाद सिद्ध होते. सबब माझा निकाल डॅनिश आणि नॉर्वेजियन पक्षाच्या बाजूने, आणि स्वीडिशांस अपिलाची मुभा नाही.